पाणी पुरतं, पंधरवडा पुरत नाही

एका कालव्याच्या लाभक्षेत्राचं पीक नियोजन गणिती मॉडेलवर बसवायचं ठरलं आणि ते मॉडेल लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. तोवरची पद्धत सरळ होती. गेल्या वर्षीचा पेऱ्याचा तक्ता काढायचा, ज्या पिकासाठी आग्रह असेल त्याचं क्षेत्र थोडं वाढवायचं, दुसऱ्या कुणाचं तेवढंच कमी करायचं, बेरीज जुळली की सह्या. ही पद्धत अगदीच टाकाऊ होती असं मी म्हणणार नाही. गेल्या वर्षीच्या तक्त्यात हजारो शेतकऱ्यांनी आपापल्या बांधावर केलेला विचार मुरलेला असतो. पण धरणात पाणी कमी असेल तेव्हा नेमकं काय कमी करायचं, याचं उत्तर त्या तक्त्याकडे नव्हतं. सगळ्यांना सारखी कात्री, एवढंच त्याला ठाऊक.

हत्यार म्हणून लिनिअर प्रोग्रॅमिंग निवडलं. निवडलं म्हणण्यापेक्षा, अशा कामाची सुरुवात बहुतेक सगळेजण तिथूनच करतात. प्रत्येक पिकाखाली किती हेक्टर हा अज्ञात आकडा, एकूण निव्वळ उत्पन्न जास्तीत जास्त व्हावं हे उद्दिष्ट, आणि जमीन, पाणी, मजूर, खत यांच्या मर्यादा म्हणजे अटी. लिओनिद कांतोरोविच यांनी 1939 मध्ये लेनिनग्राडला प्लायवूडच्या कारखान्याच्या प्रश्नावरून हा विचार मांडला, तर जॉर्ज डँट्झिग यांनी 1947 मध्ये अमेरिकेच्या हवाई दलासाठी काम करताना सिम्प्लेक्स ही सोडवण्याची रीत दिली. त्या काळी हे गणित हातानं करणं म्हणजे काय होतं याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. जॉर्ज स्टिगलर यांनी 1945 मध्ये 77 खाद्यपदार्थांतून 9 पोषक घटक भागवणारा सर्वांत स्वस्त आहार अंदाजानं काढला होता. तोच प्रश्न 1947 मध्ये सिम्प्लेक्सनं तपासायला 9 कारकून यांत्रिक गणकयंत्रं घेऊन बसले आणि सुमारे 120 मनुष्यदिवस खर्ची पडले. उत्तर स्टिगलर यांच्या अंदाजापेक्षा वर्षाला काही सेंटनीच स्वस्त निघालं. आज तेवढं गणित फुकट मिळणारा सॉल्व्हर, म्हणजे अशी गणितं सोडवणारा प्रोग्रॅम, जीएलपीके म्हणा की हाय्स, एंटर दाबून हात उचलायच्या आत सोडवतो.

शेतीत हे आणणाऱ्यांत आयोवा स्टेट विद्यापीठाचे अर्ल हेडी यांचं नाव मोठं. पुढे जागतिक बँकेत मेक्सिकोच्या शेतीसाठी माया लोकांच्या पर्जन्यदेवतेच्या नावाचं ‘चाक’ मॉडेल झालं, सिंधू खोऱ्याचं झालं, आणि अशी मोठी मॉडेलं लिहिणं सोपं व्हावं म्हणून गॅम्स ही भाषाही तिथेच जन्मली. म्हणजे वाट मळलेली होती. मळलेल्या वाटेवर खड्डे कुठे आहेत हे मात्र स्वतः चालल्यावरच कळतं.

सगळ्यात जास्त वेळ आकडे गोळा करण्यात गेला, आणि त्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. प्रत्येक पिकाला प्रत्येक प्रकारच्या जमिनीत हेक्टरी काय लागतं आणि काय मिळतं, एवढंच हवं असतं. मिळते ती सरासरी. बागायत आणि जिरायत, भारी आणि मुरमाड, वेळेवर पेरलेलं आणि उशिरा पेरलेलं, सगळं एकत्र घोटून काढलेली. त्या सरासरीचं शेत जगात कुठेच नसतं. मॉडेलला ती दिली की ते मुरमाड जमिनीतही भारी जमिनीचं पीक घेऊन दाखवतं. म्हणून लाभक्षेत्राचे तुकडे पाडले. मातीचा प्रकार आणि कालव्यावरची जागा, म्हणजे वरचा भाग, मधला भाग, शेपटाकडचा भाग, यांवरून. मग एकच हरभरा वेगवेगळ्या तुकड्यांत वेगवेगळं पीक म्हणून लिहिला. तुकडे जास्त पाडले तर आकडे मिळत नाहीत, कमी पाडले तर उत्तर फसवं येतं. यात बरोबर संख्या अशी नसते. जिथे शेतकरी एकाच कारणासाठी एकच निर्णय घेतात तिथे रेघ ओढायची नाही, एवढाच मी पाळलेला नियम. पेऱ्याचं क्षेत्र कागदावरचं खरं की शिवारातलं, हे तपासायला सेंटिनल-2 उपग्रहांची चित्रं वापरली. 10 मीटरचा एक ठिपका आणि दोन उपग्रह मिळून साधारण 5 दिवसांनी नवं चित्र, त्यामुळे कुठलं शेत कधी हिरवं झालं आणि कधी कापलं गेलं हे बऱ्यापैकी दिसतं. ढग नसतील तर.

पाण्याच्या गरजेसाठी अन्न व कृषी संघटनेची 1998 ची 56 क्रमांकाची पुस्तिका समोर ठेवली. हवामानावरून पेनमन-माँटिथ सूत्रानं दिवसाची संदर्भ गरज, म्हणजे मापासाठी धरलेल्या गवताला लागणारं पाणी, मिलिमीटरमध्ये काढायची आणि तिला पिकाच्या वाढीच्या अवस्थेप्रमाणे पीक गुणांकानं गुणायचं. मक्याचा गुणांक भर वाढीत 1.20, हरभऱ्याचा 1.00, आणि हरभरा लहान असताना 0.40. एक मिलिमीटर पाणी एका हेक्टरवर म्हणजे 10 घनमीटर, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे हिशेब तोंडी होतात.

खरं मॉडेल शेकडो ओळींचं होतं, ते इथे मांडण्यात अर्थ नाही. त्याऐवजी मी बैठकीत समजावण्यासाठी जे छोटं रूप केलं होतं तेच घेतो. आकडे गोल आहेत, पण जे घडतं ते मोठ्या मॉडेलमध्येही तसंच घडतं.

जमीन 1000 हेक्टर. हंगामासाठी शेताच्या तोंडाशी मिळणारं पाणी 35 लाख घनमीटर. मक्याला हंगामात 500 मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी 5000 घनमीटर. हरभऱ्याला 250, म्हणजे 2500 घनमीटर. निव्वळ उत्पन्न मक्याचं हेक्टरी 90 एकक, हरभऱ्याचं 60. एकक कुठलंही धरा. सगळा मका लावला तर पाणी 700 हेक्टरलाच पुरतं आणि हाती येतात 63,000. सगळा हरभरा लावला तर जमीन भरते, पाणी उरतं, हाती 60,000. सॉल्व्हर सांगतो 400 हेक्टर मका, 600 हेक्टर हरभरा. उत्पन्न 72,000, जमीनही संपली आणि पाणीही.

इथवर शाळेतलं गणित. मला रस होता तो उत्तराच्या खाली छापून येणाऱ्या दुसऱ्या रकान्यात, छाया-किमतींच्या. प्रत्येक अट एका एककानं सैल केली तर एकूण उत्पन्न कितीनं वाढेल, हे तो रकाना सांगतो. इथे जमिनीची छाया-किंमत हेक्टरी 30, आणि 2500 घनमीटर पाण्याचीही 30. आता एक तिसरं पीक आणा. भाजीपाला समजा, हेक्टरी उत्पन्न 115, तिघांत सर्वांत जास्त, पण पाणी 7500 घनमीटर. त्या एका हेक्टरसाठी 30 ची जमीन आणि 90 चं पाणी खर्ची पडतं, एकूण 120. मिळणार 115. मॉडेल त्याला दारात उभं करत नाही. बैठकीत यावर सगळ्यांत जास्त प्रश्न आले, कारण हेक्टरी सर्वांत जास्त पैसे देणारं पीक नियोजनात शून्य हे कुणाच्या गळी उतरत नव्हतं. मला विचाराल तर या एका ओळीसाठी मॉडेल करण्याचे कष्ट वसूल झाले. पाणी थोडं आहे तिथे पिकांची तुलना हेक्टरवर करणं हीच मुळात चुकीची मोजपट्टी, हे भाषणानं पटत नाही, 115 आणि 120 शेजारी शेजारी ठेवले की पटतं.

याच छोट्या रूपात त्याचा दुर्गुणही दिसतो. हरभऱ्याचं उत्पन्न 60 वरून 46 वर आणा. नियोजन जागचं हलत नाही, तेच 400 आणि 600. आता 44 करा. एकदम सगळा हरभरा गायब, 700 हेक्टर मका आणि 300 हेक्टर पड. दोन एककांच्या फरकानं 600 हेक्टरचं पीक नाहीसं. असा शेतकरी मी पाहिलेला नाही. भाव पडला तर तो थोडं क्षेत्र कमी करतो, निम्मं ठेवतो, वाट पाहतो. रेषांनी बांधलेल्या आकृतीत उत्तर नेहमी कोपऱ्यावर सापडतं, आणि आकडे सरकले की ते या कोपऱ्यावरून त्या कोपऱ्यावर उडी मारतं, मधे कुठे थांबत नाही. आणखी एक गोष्ट यातूनच येते. जेवढ्या अटी खऱ्या अर्थानं अडवतात, साधारण तेवढीच पिकं उत्तरात येतात. शिवारात वीस पिकं दिसतात आणि मॉडेल चार दाखवतं ते यामुळे.

यावर लोकांनी उपाय काढलेले आहेत. रिचर्ड हॉविट यांनी 1995 मध्ये मांडलेल्या पद्धतीत आधी प्रत्यक्षातला पेरा मॉडेलला सक्तीनं पाळायला लावतात, त्या सक्तीच्या छाया-किमती बघतात आणि त्यांवरून क्षेत्र वाढेल तसा वाढत जाणारा खर्च बसवतात. मग सक्ती काढली तरी मॉडेल सध्याच्या पेऱ्यावरूनच सुरुवात करतं आणि भाव बदलला की उडी न मारता सरकतं. सुबक आहे. पण त्या वाढत्या खर्चाचं पोतं उघडून आत काय आहे ते कुणाला दाखवता येत नाही. त्यात मजुरांची टंचाई असेल, घरच्या जनावरांचा चारा असेल, सवय असेल. ब्रूस मॅकार्ल यांचा 1982 चा मार्ग मला जास्त भावला. मागच्या अनेक वर्षांचे पेऱ्याचे तक्ते घ्यायचे आणि मॉडेलला सांगायचं की तुझं उत्तर या तक्त्यांच्या मिश्रणातूनच आलं पाहिजे. ज्या अटी आपल्याला लिहिता येत नाहीत त्या शेतकऱ्यांनी आधीच पाळलेल्या असतात, त्या अशा मागच्या दारानं आत येतात. म्हणजे ज्या जुन्या तक्त्यांच्या जागी मॉडेल आणायचं होतं तेच तक्ते मॉडेलच्या पायाशी जाऊन बसले. मर्यादा उघड आहे: जे पीक कधी घेतलंच नाही ते या वाटेनं कधी सुचणार नाही. म्हणून जुन्या पिकांसाठी मॅकार्ल, आणि नव्या पिकांना ठरावीक टक्क्यांपर्यंत मोकळीक, अशी खिचडी आम्ही केली. शास्त्रशुद्ध म्हणता येणार नाही. चालली मात्र.

पहिलं रूप मी मुद्दाम हंगामाच्या एकूण पाण्यावर ठेवलं होतं, कारण आधी लोकांना त्याची भाषा कळू दे, असा विचार होता. ते कालव्यावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना दाखवलं तेव्हा त्यांच्यातल्या एका जुन्या माणसानं तक्ता नीट वाचला आणि म्हणाला, “साहेब, पाणी धरणात आहे हो, पण पाटातून एवढं एका वेळी जाणार कसं? मक्याला तुरा आला की सगळे एकदमच मागतात.” माझ्या मॉडेलच्या पुढच्या टप्प्याची याहून नेमकी व्याख्या मी केली नसती.

छोट्या रूपातच बघू. मक्याला तुरा येतो त्या पंधरवड्यात संदर्भ गरज दिवसाला 5 मिलिमीटर धरा. मक्याला 1.20 नं गुणून 6, म्हणजे 15 दिवसांत 90 मिलिमीटर, हेक्टरी 900 घनमीटर. हरभरा त्याच सुमाराला भर वाढीत असेल तर हेक्टरी 750. 400 हेक्टर मक्याला 3.6 लाख आणि 600 हेक्टर हरभऱ्याला 4.5 लाख, एकूण 8.1 लाख घनमीटर. कालव्यातून शेतांपर्यंत सेकंदाला अर्धा घनमीटर पोचतं असं माना. 15 दिवस अहोरात्र वाहिलं तरी 6.48 लाख. हंगामाच्या बेरजेत पाणी पुरतं आणि त्या पंधरवड्यात पाचवा हिस्सा कमी पडतो.

पाचवा हिस्सा म्हणजे किरकोळ वाटतं. अन्न व कृषी संघटनेनंच 1979 मध्ये 33 व्या पुस्तिकेत पाण्याची तूट आणि उत्पादनाची घट यांचं नातं दिलं आहे. हा गुणांक पीक गुणांकाहून वेगळा. मक्यासाठी संपूर्ण हंगामाचा तो 1.25 आहे, म्हणजे हंगामभर 20 टक्के कमी पाणी मिळालं तर उत्पादन 25 टक्के घटतं. आणि तूट फुलोऱ्यात आली तर गुणांक 1.5 वर जातो. मका नेमका ज्या वेळी सगळ्यात हळवा असतो त्याच वेळी पाट कमी पडतो.

पंधरवड्याची अट घालून मॉडेल पुन्हा सोडवलं तर उत्तर बदलून जातं. मका 670 हेक्टर, हरभरा फक्त 60, आणि 270 हेक्टर जमीन पड. उत्पन्न 72,000 वरून 63,900. जमिनीची छाया-किंमत शून्य होते, म्हणजे आणखी जमीन दिली तरी फायदा नाही. हे बघून दोन तऱ्हेच्या सूचना आल्या. एक, कालवा रुंद करा. दुसरी, हरभरा कमी करा. दोन्ही छाया-किमतीच्या रकान्यावरून सुचणाऱ्याच आहेत, त्यामुळे सांगणाऱ्यांना दोष देता येत नाही.

तिसरी गोष्ट आमच्या कृषिविद्या बघणाऱ्या मॅडमनी काढली. त्या म्हणाल्या, “तुम्ही हरभरा एकच का धरलाय? आगाप आणि मागास असे दोन धरा ना.” मॉडेलमध्ये लवकर पेरलेला आणि उशिरा पेरलेला असे दोन हरभरे करणं म्हणजे एक रकाना वाढवणं. मागास पेरलेला हरभरा त्या कठीण पंधरवड्यात लहान असतो, गुणांक 0.40, हेक्टरी 300 घनमीटरमध्ये भागतो. त्याची भर वाढ येते तोवर मका पक्व व्हायला लागलेला असतो आणि कालवा मोकळा होतो. तोटा एवढाच की घाटे भरताना ऊन वाढलेलं असतं, म्हणून उत्पन्न 60 ऐवजी 55 धरलं. सॉल्व्हरचं उत्तर आलं: मका 400, आगाप हरभरा 240, मागास हरभरा 360. जमीन पूर्ण भरली. उत्पन्न 70,200. कालव्याला हात न लावता, पिकं न बदलता, नुसत्या पेरणीच्या तारखा फोडून 8,100 च्या तुटीतले 6,300 परत आले.

मोठ्या मॉडेलमध्येही याच दिशेचा निकाल आला, फक्त तारखा दोन नव्हत्या, जास्त होत्या, आणि शेपटाकडच्या भागाचं गणित वेगळं निघालं. त्यानंतर मी पिकांच्या क्षेत्रफळाचे रंगीत नकाशे बैठकीत दाखवणं बंद केलं. ते दिसायला छान असतात, आणि सगळे त्यावर बोलत बसतात की अमुक गावाला हिरवा रंग का नाही. त्याऐवजी एकच तक्ता नेऊ लागलो. डावीकडे अटी, उजवीकडे कुठल्या पंधरवड्यात कुठली अट किती किमतीनं अडवते. वर्षातले बहुतेक रकाने शून्य असतात. चार-दोन ठिकाणी आकडे असतात, आणि नियोजन म्हणजे त्या चार-दोन ठिकाणांबद्दल बोलणं.

मग प्रत्येक विभागाच्या अटी यायला लागल्या. अन्नधान्याखाली किमान इतकं क्षेत्र हवं. चाऱ्याखाली इतकं. भूजलाचा उपसा एवढ्याच्या वर नको. तेलबिया वाढल्या पाहिजेत. एकेकटी अट वाजवी. सगळ्या एकत्र घातल्यावर सॉल्व्हरनं एका ओळीत कळवलं की असं नियोजन अस्तित्वातच नाही. यंत्राचा हा निरोप अधिकाऱ्यांना सांगणं अवघड असतं, कारण त्यांना वाटतं प्रोग्रॅम बिघडला. इथे एक युक्ती कामी येते. प्रत्येक अटीला मोडण्याची परवानगी द्यायची, पण मोडलं तर जबर दंड लावायचा. मग मॉडेल सुटतं आणि कुठल्या अटी किती मोडाव्या लागल्या हे दिसतं. आमच्याकडे धान्याची, चाऱ्याची आणि भूजलाची अट एकमेकींच्या पायात पाय घालत होत्या, बाकीच्यांचा काही संबंध नव्हता. ज्या तीन विभागांचा प्रश्न होता त्यांना एका टेबलाशी बसवता आलं. ते आधी एकत्र बसले नव्हते, कारण आपल्या अटीनं दुसऱ्याची अट मोडते हे कुणालाच दिसत नव्हतं. प्रत्येकाच्या फायलीत प्रत्येकाचं नियोजन शक्य होतं.

फेरपालटीची अट लिहिणं सर्वांत किचकट गेलं. शेतकऱ्याच्या तोंडी बेवड हा शब्द सहज येतो, पण एका हंगामाच्या मॉडेलला आधीचं पीक माहीतच नसतं. हरभऱ्यावर पुन्हा हरभरा घेतला तर मर रोग वाढतो, कडधान्याच्या बेवडावर मक्याला नत्र कमी लागतं. मी पीक हा अज्ञात आकडा सोडून पिकांचा क्रम हा अज्ञात आकडा धरला. मका नंतर हरभरा एक रकाना, मका नंतर पड दुसरा, असं. रकाने भराभर वाढतात, पण वाढल्यानं संगणक दमत नाही, आकडे देणारी माणसं दमतात.

जोखमीचा विषय थोडक्यात सांगतो, कारण तिथे आम्ही साधाच मार्ग धरला. सरासरी उत्पन्नावर चालणारं मॉडेल, एक वर्ष आड बुडणाऱ्या पिकालाही लाडानं जवळ करतं. पीटर हॅझेल यांनी 1971 मध्ये दिलेली रीत अशी की मागच्या प्रत्येक वर्षी या नियोजनाचं उत्पन्न सरासरीपासून किती ढळलं असतं ते मोजायचं आणि त्या ढळण्यावर मर्यादा घालायची. सगळं रेषीयच राहतं, त्यामुळे तोच सॉल्व्हर चालतो. मर्यादा जसजशी आवळत गेलो तसतशी उत्तरातली पिकं वाढत गेली. शिवारातल्या वीस पिकांपैकी काहींचं उत्तर त्यात होतं.

भावाचं एक सांगायला हवं. लाभक्षेत्र छोटं असेल तर भाव दिलेला धरून चालतं. प्रदेश मोठा असेल आणि सगळ्यांना एकच पीक सांगितलं तर भाव आपणच पाडतो. मॉर्डेकाय इझिकिएल यांनी 1938 मध्ये लिहिलेलं ते कोळिष्टक (कॉबवेब): या वर्षी भाव चढा म्हणून पेरा जास्त, पुढच्या वर्षी भाव कोसळला म्हणून पेरा कमी, आणि पुन्हा पहिल्यासारखं. ज्या पिकाच्या बाजारात आमचा वाटा मोठा होता तिथे भाव स्थिर न धरता उत्पादन वाढेल तसा पायऱ्यापायऱ्यांनी उतरवत नेला. एका पिकापुरतंच केलं, पण त्या पिकाचं क्षेत्र उत्तरात लगेच शहाणं झालं.

शेवटी नियोजन गावोगावच्या बैठकांत गेलं. मका किती, हरभरा किती यावर फार वाद झाला नाही. वाद झाला तो मागास कोणी पेरायचं यावर. छोट्या रूपात बघा, 360 हेक्टरवाल्यांना हेक्टरी 5 एकक कमी मिळतात, एकूण 1,800. मला वाटत होतं की हे पटवणं सोपं आहे. तारखा फोडल्या नाहीत तर 270 हेक्टर जमीन पडच राहणार होती, त्यापेक्षा 55 काय वाईट? पण कुणीही स्वतःची तुलना पड जमिनीशी करत नव्हतं. प्रत्येकजण शेजारच्या बांधाकडे बघत होता, जिथे 60 मिळणार होते. “आम्ही थांबायचं आणि त्यांनी आधी भिजवायचं, हे कुणी ठरवलं?” या प्रश्नावर मॉडेलकडे अवाक्षर नाही. त्याला बेरीज वाढवायची आहे, बेरजेतला कोणता तुकडा कोणाच्या पदरात, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. दोन सूचना पुढे आल्या. आगापवाल्यांनी पाणीपट्टी जास्त भरायची आणि त्यातून मागासवाल्यांना सूट द्यायची, ही एक. हिशेबात बसते, कारण वाचलेल्या 6,300 पैकी 1,800 च वळवायचे आहेत. पण वसूल कोण करणार यावर ती अडली. दुसरी सूचना पाळीची: या वर्षी वरचा भाग मागास, पुढच्या वर्षी मधला, मग शेपटाकडचा. ती मान्य झाली, एक दुरुस्ती करून. मुरमाड जमिनीला पाळीतून वगळलं, कारण तिथे ओल टिकत नाही आणि मागास पेरलेला हरभरा 55 काय, 40 देखील देत नाही.

त्यामुळे मॉडेलमध्ये आता प्रत्येक तुकड्यापुढे गेल्या हंगामात तो आगाप होता की मागास, ही नोंद ठेवावी लागते. धरणाचा साठा कळला की पाण्याचा आकडा बदलायचा, पाळी सरकवायची, पुन्हा सोडवायचं. यंदा नवीन अडचण मजुरांची आहे. मागास हरभऱ्याची काढणी आणि मक्याची मळणी एकाच आठवड्यात येते आहे, आणि छाया-किमतीच्या तक्त्यात पाण्याच्या रकान्याशेजारी काढणीच्या रकान्यातही पहिल्यांदाच आकडा उमटला आहे.